विश्लेषण : महाकाय क्रूझवरची पहिली सुट्टी... तिकीट काढल्यानंतरच खरा खर्च का सुरू होतो?

मुले अमेरिकेत आणि आई-बाबा पुण्यात किंवा ठाण्यात, हे चित्र आता नवे नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी तिकडे गेले की नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन हे ठरलेले असते. गेल्या काही वर्षांत या यादीत फ्लोरिडातून सुटणाऱ्या क्रूझचीही भर पडली आहे. बॅगा एकदाच उघडायच्या, रोज हॉटेल बदलायचे नाही, जेवण तयार आणि चालणे कमी, असे मुलांचे गणित असते. ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण आठव्या दिवशी सकाळी खोलीचे अंतिम बिल हाती पडते तेव्हा ‘सगळे तर तिकिटात होते ना?’ हा प्रश्न हमखास निघतो. मुंबईतही नवे क्रूझ टर्मिनल सुरू झाले आहे. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त परदेशी सुट्टीपुरता राहिलेला नाही. जगातील सर्वात मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक असलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’च्या निमित्ताने ही महाकाय जहाजे नेमकी चालतात कशी, याचा हा आढावा.

‘आयकॉन’ किती मोठे आहे?

रॉयल कॅरिबियन कंपनीचे हे जहाज फिनलंडमधील तुर्कू येथील मायर तुर्कू गोदीत बांधले गेले. २७ जानेवारी २०२४ रोजी ते मायामीहून पहिल्या सफरीवर निघाले. लांबी सुमारे ३६५ मीटर, म्हणजे मुंबईच्या १५ डब्यांच्या लोकलपेक्षाही जास्त. मजले २०. एका खोलीत दोन जण धरले तर ५,६१० प्रवासी आणि सर्व जागा भरल्या तर ७,६०० प्रवासी. त्यावर २,३५० कर्मचारी. म्हणजे जहाज पूर्ण भरले की जवळपास दहा हजार माणसे एकाच वेळी समुद्रावर असतात. ऑगस्ट २०२५ पासून त्याच आराखड्याचे ‘स्टार ऑफ द सीज’ फ्लोरिडातीलच पोर्ट कॅनाव्हरलहून सुटू लागले.

‘आयकॉन’चे ‘ग्रॉस टनेज’ २,४८,६६३ आहे. अनेक बातम्यांत ‘अडीच लाख टन वजनाचे जहाज’ असे छापून येते, ते चूक आहे. ग्रॉस टनेज हे वजन नसून जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे, म्हणजे आकारमानाचे माप आहे. तुलनाच करायची तर ‘टायटॅनिक’ची नोंद ४६,३२८ टनांची होती. मोजण्याची पद्धत तेव्हा वेगळी असली, तरी ढोबळमानाने एका ‘आयकॉन’च्या पोटात पाच ‘टायटॅनिक’ बसतील. मुंबई-गोवा-लक्षद्वीप फेऱ्या करून मराठी प्रवाशांना ओळखीचे झालेले कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज ४८,५६३ टनेजचे, म्हणजे आकाराने साधारण ‘टायटॅनिक’एवढेच आहे. हे ‘एम्प्रेस’ पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होते.

‘चालणे कमी’ हा समज मात्र इथेच दुरुस्त करून घ्यावा. खोली जहाजाच्या नाळेकडे आणि जेवणाचा हॉल मागे असेल, तर दिवसातून चार-सहा वेळा ये-जा करताना दोन-तीन किलोमीटर सहज होतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळची, जहाजाच्या मध्यावरची खोली घेणे हे समुद्राच्या दिशेच्या खोलीपेक्षा जास्त महत्त्वाचे ठरते.

एवढी उंच इमारत कलंडत कशी नाही?

पहिल्यांदा धक्क्यावरून जहाज पाहणाऱ्याच्या मनात येणारा हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पाण्यावर वीस मजल्यांच्या इमारतीसारखा डोलारा दिसतो आणि पाण्याखाली जेमतेम नऊ-साडेनऊ मीटर. कॅरिबियनमधील अनेक बंदरे उथळ आहेत, त्यामुळे जहाज जास्त खोल बुडवता येत नाही.

याचे उत्तर वजनाच्या वाटणीत आहे. इंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या हे सगळे जड सामान तळाशी असते. वरच्या मजल्यांवर प्रामुख्याने खोल्या, म्हणजे पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या. त्यातच जहाज जवळपास ४८ मीटर रुंद आहे. ही रुंदीच त्याला सावरून धरते. जहाज एका बाजूला झुकले की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाणी त्याला परत वर ढकलते.

भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने गावी गेलेल्या पिढीला ‘बोट लागणे’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मोठ्या जहाजावर हा त्रास कमी होतो. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे ‘स्टॅबिलायझर’ असतात. ते आपला कोन सतत बदलत जहाजाचे डोलणे कमी करतात. शिवाय ३६५ मीटर लांबीचे जहाज एका वेळी अनेक लाटांवर टेकलेले असते. तरीही हवामान बिघडले तर हालचाल जाणवतेच, आणि ती मधल्या व खालच्या मजल्यांपेक्षा वरच्या मजल्यांवर आणि नाळेकडे जास्त जाणवते. स्वस्त म्हणून टाळली जाणारी खालची खोली इथे कामाला येते.

जहाज चालते विजेवर. सहा इंजिने मिळून सुमारे ६७ मेगावॉट वीज तयार करतात. त्यातून तळाशी टांगलेले, स्वतःभोवती पूर्ण फिरू शकणारे तीन मोटर-पंखे जहाज पुढे नेतात. त्याच विजेवर हजारो खोल्यांचे एसी, स्वयंपाकघरे, सात पोहण्याचे तलाव, सहा पाणघसरगुंड्या आणि बर्फाचे रिंगणही चालते. पिण्याचे आणि वापरायचे बहुतांश पाणी समुद्राचे खारे पाणी गाळून जहाजावरच तयार होते.

पहिल्या दिवशी काय घडते?

मोबाइल अॅपवर आधीच चेहऱ्याचा फोटो, पासपोर्ट आणि कार्डाची माहिती भरलेली असली तर बंदरात पोहोचल्यापासून जहाजावर चढेपर्यंत बऱ्याचदा विमानतळापेक्षाही कमी वेळ लागतो. खोलीबाहेर एक प्लास्टिकचे कार्ड ठेवलेले असते. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशांचे पाकीट. जहाजावर रोख चालत नाही. कॉफी असो वा टी-शर्ट, कार्ड टेकवायचे. रक्कम खोलीच्या खात्यावर चढते आणि ते खाते प्रवाशाच्या क्रेडिट कार्डाला जोडलेले असते. खिशातून नोट काढताना जो एक क्षण विचार होतो, तो इथे होतच नाही. जहाजाच्या अर्थकारणात या एका क्षणाला मोठी किंमत आहे.

पहिल्याच दिवशी एक काम मात्र कंटाळा न करता करायला हवे, ते म्हणजे आपत्कालीन सराव. संकटाच्या वेळी कुठे जमायचे, जीवरक्षक जॅकेट कसे घालायचे, हे त्यात दाखवतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव व्हायचाच होता, कारण तेव्हाचा नियम २४ तासांच्या आत सराव घेण्याचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच सराव घेणे बंधनकारक झाले. आता सरावाचा बराच भाग अॅपवरच्या व्हिडिओवर उरकता येतो. ज्येष्ठांसोबत असलेल्यांनी तरी व्हिडिओवर न थांबता जमण्याच्या ठिकाणापर्यंत प्रत्यक्ष चालत जाऊन रस्ता पाहून ठेवलेला बरा.

तिकिटात काय येते, काय येत नाही?

तिकिटात खोली, मुख्य हॉलमधील आणि बुफेमधील तिन्ही वेळचे जेवण, तलाव, पाणघसरगुंड्या, बर्फावरचे आणि पाण्यातले कार्यक्रम, नाटके हे सगळे येते. भारतीय शाकाहारी जेवण हवे असेल तर ते आधी कळवून मिळू शकते. एवढ्यावरच आठवडा काढायचा ठरवले तरी सुट्टी मजेत जाऊ शकते, ही या जहाजांची जमेची बाजू मान्य करायला हवी. एखाद्या चांगल्या रिसॉर्टमध्ये एवढ्या गोष्टी एका भाड्यात मिळत नाहीत.

आता न येणाऱ्या गोष्टी. मद्य, शीतपेये, चांगली कॉफी, इंटरनेट, खास रेस्तराँ, जहाजाच्या कडेवर दोरीने लटकण्यासारखे काही साहसी खेळ, छायाचित्रे, स्पा, कॅसिनो आणि प्रत्येक बंदरावरच्या सहली. मद्याच्या पॅकेजचा सर्वसाधारण नियम असा की एका खोलीतील एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यानेही घ्यायचे. म्हणजे बाबांना रोज संध्याकाळी एक बिअर हवी असेल, तर आईंच्या नावावरही तेवढेच पैसे लागू शकतात. अशा वेळी सुटी बिअर घेणे स्वस्त पडते.

सर्वात जास्त दचकवते ती टिप. साध्या खोल्यांसाठी ती २०२३ च्या अखेरीस माणशी दररोज १८.५० डॉलर झाली आणि ती आपोआप खात्यावर लागते. लहान मुलालाही तीच. चार जणांचे कुटुंब, सात रात्री : ५१८ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ४६ हजारांहून अधिक. तिकिटाच्या जाहिरातीत ही रक्कम ठळक दिसत नाही.

हे सगळे अपघाताने होत नाही. कंपनीच्याच ताळेबंदानुसार २०२४ मधील सुमारे १६.५ अब्ज डॉलर महसुलापैकी साधारण ३० टक्के रक्कम तिकिटाबाहेरची, म्हणजे जहाजावरील आणि इतर खर्चातून आलेली आहे. तिकीट हा व्यवहाराचा पहिला भाग झाला. उरलेला भाग प्रवासी जहाजावर असताना होतो, आणि जहाजाचा नकाशा तो व्हावा याच हिशेबाने आखलेला असतो.

जहाजे एवढी मोठी का होत आहेत?

याचे पहिले कारण साधे गणित आहे. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतील जागा आठपट होते, पण कप्तान एकच लागतो आणि इंधनही आठपट लागत नाही. प्रवाशामागे येणारा खर्च कमी होतो.

दुसरे कारण प्रवाशांच्या सवयीत आहे. छोट्या जहाजावरचा प्रवासी बंदराची वाट पाहत असतो. मोठ्या जहाजावर त्याला उतरायची गरजच भासत नाही. ‘आयकॉन’वर आठ वेगवेगळे ‘मोहल्ले’ आहेत. मध्यभागी खऱ्या झाडांची बाग आहे, दुकानांचा रस्ता आहे. काही खोल्यांच्या खिडक्या समुद्राकडे नसून या बागेकडे उघडतात. पहिल्यांदा गेलेल्या अनेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाणवते की समुद्र बघायला मुद्दाम उठून जावे लागते.

मायामीहून निघालेल्या सात रात्रींच्या सफरीचे वेळापत्रक पाहा. दोन-तीन दिवस निव्वळ समुद्रात, एक दिवस कंपनीच्या खासगी बेटावर, आणि उरलेले दोन-तीन दिवस बंदरांना, तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी जहाजाला देशातील दोन बंदरांदरम्यान थेट प्रवासी वाहतूक करता येत नाही आणि फेरीत परदेशी बंदर घ्यावे लागते. त्यामुळे बहामा किंवा मेक्सिकोचा थांबा पर्यटनाइतकाच कायद्यासाठीही असतो.

बंदराला लागल्यावर पैसा कुठे जातो?

बहामातील कंपनीचे बेट ‘कोकोके’ २०१९ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून नव्याने सजवण्यात आले. धक्क्यावरून उतरले की त्याच कार्डावर खरेदी करता येते. जेवण आणि किनारा तिकिटात, मोठे वॉटर पार्क वेगळ्या पैशांत. प्रवाशाच्या पासपोर्टच्या हिशेबात तो एका देशात गेला, पण खर्चाच्या हिशेबात तो जहाजाच्या आवारातच राहिला.

‘आयकॉन’ने पहिल्या सफरीत सेंट किट्स बेटावरील बासेतेर बंदराला भेट दिली. महाराष्ट्रातील वाचकाला या बेटाची गोष्ट ओळखीची वाटेल. तीन शतकांहून अधिक काळ तिथे ऊस पिकत होता. साखर उद्योग तोट्यात गेला आणि २००५ मध्ये सरकारने तो बंद केला. ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या रुळांवरून आता पर्यटकांची गाडी धावते. साखरेच्या जागी देशाने पर्यटन आणले आणि त्यात क्रूझचा वाटा मोठा आहे.

सेंट किट्स आणि नेव्हिस या अख्ख्या देशाची लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास. एक ‘आयकॉन’ भरून आले तर देशाच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढी माणसे एका सकाळी धक्क्यावर येतात. संध्याकाळी ती परत जातात आणि जेवायला जहाजावरच बसतात. रात्रीचा मुक्काम नाही, म्हणून हॉटेलचे भाडे नाही आणि रात्रीचे जेवणही नाही. धक्क्यालगतच्या दुकानांना, टॅक्सीवाल्यांना आणि सहलवाल्यांना जे मिळेल ते. त्यातही जहाजाच्या काउंटरवरून घेतलेल्या सहलीचा मोठा हिस्सा जहाज कंपनीकडे जातो.

जहाजावरून घेतलेल्या सहलीचा एक खरा फायदा आहे : परतायला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही. पण बंदरापासून जवळच्या ठिकाणी, हातात दोन तास राखून गेलेल्या प्रवाशाला हा धोका नगण्य असतो. स्थानिक व्हॅनवाल्याशी दर ठरवून फिरले तर खर्च कमी होतो आणि पैसेही बेटावरच राहतात.

सेवा देणारे हात कोणाचे?

जहाजावर सर्वात लक्षात राहतात ती माणसे. जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच नावाने हाक मारणारा वेटर, टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा खोली सांभाळणारा कर्मचारी. यांतील बरेच जण फिलिपाइन्स, इंडोनेशिया आणि भारतातून आलेले असतात. भारतीयांत गोव्याचे प्रमाण लक्षणीय आहे. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात आणि सासष्टी-बार्देशातील कित्येक घरे याच कमाईवर उभी राहिली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत हे तारवटी जगभरच्या जहाजांवर अडकले, तेव्हा गोव्यातील विधानसभेपासून चर्चपर्यंत त्याचीच चर्चा होती.

ही नोकरी सोपी नाही. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा, सुट्टीचा दिवस क्वचितच. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. उलटा हिशेब केला तर दिवसाला १४ तासांपर्यंत काम करून घेता येते. ‘आयकॉन’वर झेंडा बहामाचा आहे, कंपनीची नोंदणी लायबेरियात आणि मुख्यालय मायामीत. कामगार कायदा कोणत्या देशाचा, कर कुठे भरायचा, तक्रार कुठे करायची, याची उत्तरे या व्यवस्थेत प्रवाशालाच काय, कर्मचाऱ्यालाही सहज सापडत नाहीत.

म्हणूनच आपोआप लागणारी टिप काउंटरवर जाऊन रद्द करायची, हा समाजमाध्यमांवर फिरणारा ‘पैसे वाचवा’ सल्ला चुकीचा आहे. सेवा देणाऱ्या अनेकांच्या कमाईत टिपचा वाटा मोठा असतो. राग किमतीच्या लपवाछपवीवर असेल तर तो तिकीट काढण्यापूर्वी काढावा. आठव्या दिवशी तो एखाद्या तारवट्यावर निघू नये.

समुद्राचे काय?

‘आयकॉन’ द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते आणि कंपनी त्याला स्वच्छ इंधन म्हणते. हे अर्धे खरे आहे. गंधक जवळपास जात नाही, काजळी कमी होते आणि जळताना कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो. पण अशा इंजिनांत थोडा वायू न जळताच धुराड्यातून निसटतो. तो मिथेन असतो आणि २० वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडकवतो. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत या प्रकारच्या इंजिनांतून सरासरी ६.४ टक्के वायू निसटताना दिसला. युरोपीय महासंघाचे नियम ३.१ टक्के धरून चालतात. ही मोजमापे ‘आयकॉन’ची नाहीत, पण त्याच जातीच्या इंजिनांची आहेत.

बंदरे दारे का लोटत आहेत?

जगभरात २०२४ मध्ये ३.४६ कोटी लोकांनी सागरी क्रूझ केली. गर्दी वाढली तशी बंदरांची भूमिकाही बदलली. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनेजहून मोठ्या जहाजांना शहराच्या मुख्य जलमार्गातून बंदी केली. अलास्कातील जुनो शहराने दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आणि २०२६ पासून प्रवासी क्षमतेवरही. अॅमस्टरडॅमने २०२६ पासून वर्षाला १०० सागरी क्रूझ जहाजांची मर्यादा ठरवली. ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोस येथे गर्दीच्या हंगामात माणशी २० युरो कर लावला.

यांतील एकाही शहराने क्रूझला पूर्ण नकार दिलेला नाही. शहर एका दिवसात किती माणसे पेलू शकते आणि त्यातून शहराला काय मिळते, हे त्यांनी मोजले. अनेकांनी मात्र ते आधी जहाजे बोलावून मग मोजले.

मुंबईने यातून काय घ्यावे?

मुंबईला हे आधी मोजण्याची संधी आहे. बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता आणि एका वेळी पाच जहाजे, असा त्याचा आवाका सांगितला जातो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतूनच सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’चे उद्दिष्ट २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे आहे.

या आकड्यांत एक गोष्ट मिसळली जाते. मुंबईत सुट्टी सुरू करणारा प्रवासी आणि काही तासांसाठी उतरणारा प्रवासी हे वेगळे आहेत. पहिला आदल्या रात्री हॉटेलात राहतो, जेवतो, टॅक्सी करतो. दुसरा वातानुकूलित बसमधून गेट वे आणि धोबीघाट पाहून दुपारच्या जेवणाला जहाजावर परततो. टर्मिनलच्या यशाचा आकडा सांगताना हे दोन्ही एकाच बेरजेत धरले, तर शहराला काय मिळाले ते कळणार नाही.

बॅलार्ड पिअरची जागा मात्र मुंबईच्या पथ्यावर पडणारी आहे. फोर्ट, काळा घोडा, क्रॉफर्ड मार्केट, सीएसएमटी सगळे हाकेच्या अंतरावर. व्हेनिससारखे शहर सोडले तर एवढे पाहण्यासारखे बंदराच्या दाराशी फार कमी ठिकाणी असते. प्रवाशाला बसमध्ये न कोंबता चालत बाहेर सोडता आले, तर त्याचा पैसा इराणी हॉटेलात, पुस्तकाच्या दुकानात आणि फुटपाथवरच्या फेरीवाल्याकडे जाईल. त्यासाठी लागते ती मोडकळीला न आलेली पदपथांची सलग वाट, ठरलेल्या दराची टॅक्सी आणि परवानाधारक स्थानिक गाइड. टर्मिनलच्या संगमरवरापेक्षा हा खर्च किरकोळ आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

कोकणाबाबत तर अधिक सावध राहायला हवे. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला हजारो माणसे एका सकाळी ओतणारे जहाज नको आहे. शे-दोनशे प्रवाशांचे, रात्री मुक्कामाला उतरवणारे छोटे जहाज तिथल्या घरगुती निवासाला आणि खानावळीला जास्त देऊन जाईल. ‘जगातले सर्वात मोठे’ हे विशेषण बंदरासाठी कौतुकाचे असतेच असे नाही, हे बासेतेरच्या धक्क्यावर उभे राहिले की दिसते.

मग पहिली क्रूझ करावी की नाही?

जरूर करावी. समुद्रावरची पहाट, दहा हजार माणसांचे फिरते गाव आणि ते चालवणारी यंत्रणा एकदा पाहण्यासारखी आहेच. फक्त काही गोष्टी आधी कराव्यात.

तिकिटाच्या रकमेत टिप, इंटरनेट, बंदर सहली आणि विमा मिळवून मगच तुलना करावी. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांनी तो मल्टिपल एंट्री आहे याची खात्री करावी, कारण जहाज देशाबाहेर जाऊन परत येते. वाटेतील प्रत्येक देशाचे व्हिसा नियमही पाहावेत. जहाजावरील दवाखाना मोफत नसतो, त्यामुळे विम्यात क्रूझचा समावेश आहे का ते विचारावे. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. क्रूझवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. रोज रात्री अॅपवर खोलीचे खाते उघडून पाहावे, म्हणजे आठव्या दिवशी धक्का बसत नाही.

आणि जहाज बंदराला लागले की उतरावे. त्या दिवशी जहाजावरचे तलाव रिकामे असतात म्हणून अनेक अनुभवी प्रवासी वरच थांबतात. पहिल्यांदा गेलेल्याने तसे करू नये. एका सकाळी स्थानिक व्हॅन करून, बेटावरच्या खानावळीत दुपारी जेवून आलेल्या आई-बाबांना आपण कोणत्या देशात गेलो होतो हे तरी पुढे सांगता येईल.